दुसरं ऑपरेशन नेमकं कशासाठी?

वजन परत येतंय हे मला काट्याच्या आधी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या आमच्या एका हमालानं सांगितलं. "मालक, पोट माघारी आलं की ओ." बोलण्यात खोच नव्हती. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, नुसती उचलून त्याचं वजन सांगणारा माणूस तो, त्याच्या नजरेतून मी काय सुटणार!

२०१७ मध्ये पुण्यात माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (वजन उतरवायला जठर कापून लहान करायचं ऑपरेशन) झाली तेव्हा मी १३२ किलो होतो, उंची १७० सेंटिमीटर. दीडेक वर्षात ८८ वर आलो. शुगरच्या गोळ्या सुटल्या, झोपेत श्वास अडकू नये म्हणून रात्री नाकावर लावायचं सीपॅप मशीन माळ्यावर गेलं, जोतिबाच्या पायऱ्या न थांबता चढलो. लॉकडाऊनच्या वर्षापासून काटा पुन्हा वर सरकायला लागला आणि २०२५ च्या उन्हाळ्यात ११४ वर पोचला. शुगरची गोळी परत सुरू झाली. घोरणंही परत आलं, हे अर्थात बायकोनं सांगितलं.

अशा वेळी आमच्याकडं दोनच मतं असतात. एक, पैसे पाण्यात गेले. दुसरं, तोंडाला आवर नसला की असंच व्हायचं. दोन्ही मतं लग्नकार्यात, हातात ताट घेऊन, आपल्याला ऐकू जाईल अशा बेतानं मांडली जातात. मला स्वतःला मात्र एकच प्रश्न होता : आता पुढचं ऑपरेशन कुठलं? स्लीव्हनंतर बायपास (हृदयाचा नव्हे, जठराचा) करतात हे ऐकून होतो. जायचं, तारीख घ्यायची, मोकळं व्हायचं, एवढा सरळ विचार.

पहिल्या वेळी मी पुण्याला गेलो होतो, आता कोल्हापुरातही हे काम करणारे सर्जन आहेत. ताराबाई पार्कात एकांकडं गेलो. त्यांनी वजन, रक्तदाब वगैरे झाल्यावर मला दोन गोष्टी विचारल्या. पहिली, "ऑपरेशन नोट आहे का?" दुसरी, "जळजळ होते का? रात्री झोपेत घशाशी आंबट येतं का?"

जळजळ होतीच, आणि चांगली तीन-चार वर्षं. मी दोन उशा घेऊन झोपायचो, गुलाबी जेलची बाटली गाडीत आणि दुकानात एकेक ठेवलेली. पण ते मी मिसळीच्या खात्यावर टाकलं होतं. वजनाच्या डॉक्टरला ॲसिडिटी काय सांगायची, असं वाटून पहिल्या भेटीत मी आपणहून बोललोसुद्धा नसतो.

ऑपरेशन नोटची गंमत वेगळीच. माझ्याकडं डिस्चार्ज कार्ड होतं, त्यावर ऑपरेशनचं नाव, तारीख आणि 'तब्येत समाधानकारक'. सर्जनला हवं होतं ते आतलं : जठर कापताना आत कुठल्या मापाची नळी ठेवली होती, स्टेपलर कुठून कुठपर्यंत मारला, छातीचा पडदा तपासला का, तिथं हर्निया दिसला होता का. त्या हॉस्पिटलात फोन, मग अर्ज, मग ओळखपत्राची झेरॉक्स, मग 'साहेब सुट्टीवर' असं करत शेवटी दोन पानं हाती आली. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी हे कागद डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्यावेत. आठ वर्षांनी ते शोधताना देणाराही वैतागतो आणि घेणाराही.

त्यानंतर दुर्बीण झाली. उपाशीपोटी जायचं, घशात बधिर करणारा फवारा मारतात, पाच-दहा मिनिटांचं काम. मग बेरियम : खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध प्यायचं आणि ते खाली उतरताना एक्स-रे काढायचे. दोन्हींतून जे दिसलं ते असं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला ॲसिडनं पडलेल्या जखमा, एलए ग्रेड सी. हा मापदंड ए ते डी असतो, डी सगळ्यात वाईट, म्हणजे माझं वाईटाकडून दुसरं. छातीच्या पडद्यातली वाट रुंदावून स्लीव्हचा वरचा भाग थोडा छातीत सरकलेला, म्हणजे हायटस हर्निया. आणि स्लीव्हचा माथ्याकडचा भाग जरा फुगलेला.

मी लगेच त्या फुगण्यावर बोट ठेवलं. "म्हणजे पोट ताणलं, म्हणून वजन वाढलं." सर्जन म्हणाले, "थोडं ताणतं सगळ्यांचंच. तेवढ्यानं २६ किलो येत नाहीत."

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. स्लीव्हमध्ये जठराचा बाहेरच्या वळणाचा साधारण तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात आणि एक उभी नळी राहते. काढलेल्या भागातच भुकेचं घ्रेलिन हे संप्रेरक जास्त तयार होतं, म्हणून पहिली वर्ष-दोन वर्षं भूक फारशी लागत नाही. पुढं शरीर हळूहळू जुळवून घेतं. वजन उतरलेल्या शरीराला मुळात कॅलरीही कमी लागतात, आणि ते जुन्या वजनाकडं ओढ घेत राहतं. हा आजारच परत परत उसळणारा आहे. ब्लडप्रेशरची गोळी बंद केल्यावर प्रेशर वाढलं तर आपण रुग्णाच्या चारित्र्यावर बोलत नाही, असं ते म्हणाले. हे वाक्य त्या ताटवाल्या मंडळींसाठी मी जपून ठेवलंय.

आणि ॲसिडचं कारण खुद्द स्लीव्हमध्येच. उसाचा रस आपण रुंद काहिलीत आटवतो. तोच उंच, अरुंद डब्यात घालून जाळ लावला तर वर येणारच. जठराची अशी अरुंद नळी झाली की आतला दाब वाढतो, वरच्या तोंडाशी असलेली नैसर्गिक झडपही ऑपरेशनमध्ये थोडी ढिली पडते. त्यात हर्निया असेल तर विचारूच नका.

म्हणजे मी एक तक्रार घेऊन गेलो आणि दोन घेऊन बाहेर पडलो. पुढच्या सगळ्या महिन्यांत मला जे उमजत गेलं ते एवढंच, की या दोन तक्रारींना ऑपरेशनचं उत्तर सारखं नाही.

मध्ये आहारतज्ज्ञ. इचलकरंजीची मुलगी, माझ्या पोरीच्या वयाची. "काका, जेवण लिहू नका. तोंडात जाईल ते सगळं लिहा," असं म्हणाली. मी जेवण बेताचंच लिहीत होतो आणि ते खरंही होतं : एक भाकरी, वाटीभर भाजी. मटण आणलं तर दोन-तीन फोडींत पोट 'बास' म्हणतं. पण तिनं रस्सा विचारला. पांढऱ्या रश्श्याला स्लीव्ह अडवत नाही. नारळाचं दूध, काजू, खसखस, सगळं सरळ खाली उतरतं आणि मी तीन-तीन वाट्या पीत होतो. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्रोटीन म्हणून प्यायचो, तेही असंच वाहून जाणारं.

आणि गूळ. आमचा अडतीचा धंदा. सीझनला सौद्याच्या वेळी रवा फोडून कणी बघायची, रंग बघायचा, खारट आहे का ते जिभेवर ठेवून बघायचं. हे मी खाण्यात धरलंच नव्हतं, कारण ते काम आहे. तिनं एक दिवस प्रत्येक वेळी घेतो तेवढाच तुकडा कागदाच्या पुडीत टाकायला सांगितलं. संध्याकाळी आमच्याच छोट्या काट्यावर पुडी ठेवली, तर सत्तर ग्रॅमच्या आसपास. म्हणजे अडीचशेच्या वर कॅलरी, आणि त्या तोंडातच विरघळून जातात, त्यामुळं पोट भरल्याची खूणही नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही यार्डात पेढे वाटले होते. ते मानांकन माझ्या कमरेवर असं उमटत होतं. "आता चव घेऊन थुंका," ती म्हणाली. चहाची चव पारखणारे थुंकतात म्हणे. दुकानात मी पहिल्यांदा थुंकलो तेव्हा माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याला वाटलं, माल खराब निघाला.

रक्तात बी-१२ अगदी तळाला निघालं, डी जीवनसत्त्व आणि फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तोही कमी. तळपायाला मुंग्या येत होत्या त्या मी शुगरच्या समजत होतो. कापलेलं जठर, वर मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी, वर ॲसिडची औषधं : तिन्ही गोष्टी बी-१२ कमी करणाऱ्या. इंजेक्शनं सुरू झाली. सर्जननी स्पष्ट सांगितलं, हे भरून आल्याशिवाय मी टेबलावर घेणार नाही. बायपासनंतर लोह, कॅल्शियम, बी-१२ यांचं शोषण आणखी घटतं आणि गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. स्लीव्हनंतरच्याच ज्यानं सोडल्या त्यानं बायपासचं नाव घेण्याआधी विचार करावा.

आता पर्याय. माझ्या डोक्यात एकच होता, निघाले पाच-सहा. स्लीव्ह पुन्हा कापून बारीक करणं : ॲसिड असलेल्याला हे आगीत तेल. तोंडातून दुर्बीण घालून आतून टाके मारून जठर आवळणं : कापाकापी नाही, पण हर्निया तसाच राहतो. पोटात फुगा : जठराचं ऑपरेशन झालेल्याला तो बसवत नाहीत. साडी-एस नावाचं एक ऑपरेशन आहे (बायकोनं ऐकल्यावर "साडी?" असं दोनदा विचारलं), त्यात स्लीव्हच्या खालून आतडं जोडतात आणि शेवटचं साधारण अडीच-तीन मीटर आतडंच अन्नासाठी उरतं. वजन चांगलं उतरतं, पण शोषण फार घटतं, आणि स्लीव्हची नळी तशीच राहिल्यानं ॲसिडचा प्रश्न सुटेलच असं नाही.

उरले दोन बायपास. कोल्हापूरच्या सर्जनचं मत रू-एन-वायकडं. त्यात अन्ननलिकेखाली जठराची लहानशी थैली ठेवतात, पेल्याच्या तळाला राहील एवढी, आणि तिला खालचं आतडं आणून जोडतात. बाकीचं जठर आत तसंच राहतं, पण त्याचं ॲसिड आणि पित्त एक-दीड मीटर खाली जाऊन मिसळतं, त्यामुळं वर यायला वाट जवळपास राहत नाही. सोबत हर्नियाची दुरुस्ती. दुसरं मत घ्यायला पुण्याला गेलो, तिथल्या डॉक्टरांनी मिनी बायपास सुचवला. त्यात एकच जोड, वेळ कमी, वजनाला जास्त बरा. मी विचारलं, पित्त वर येणार नाही का? ते म्हणाले, काहींना येतं. ग्रेड सी जखमा असलेल्या माणसाला हे उत्तर पुरेसं आहे. मी तिथून निघालो आणि साताऱ्यापर्यंत गाडीत कुणाशी बोललो नाही.

रू-एन-वायबद्दल मी कोल्हापूरच्या डॉक्टरांना सरळ विचारलं, वजन किती उतरेल? आकडा द्यायला ते तयार होईनात. पहिल्यासारखा उतार दुसऱ्या वेळी पडत नाही, एवढंच म्हणाले. स्लीव्हचा रू-एन-वाय केला की ॲसिडला फरक पडतो तो बहुतेकांत चांगला, वजनाला पडतो तो माफक. आणि धोका पहिल्यापेक्षा जास्त : आत सगळं चिकटलेलं असतं, जुन्या स्टेपलच्या जागची जठराची भिंत जाड आणि हट्टी असते, जोडातून गळतीची शक्यता वाढते.

मग बारीकसारीक. बायपासनंतर गुडघ्यासाठी मी घेतो त्या वेदनाशामक गोळ्या जवळपास कायमच्या बंद, कारण जोडाच्या जागी अल्सर होतो. तंबाखूचंही तेच, ती मी खात नाही, पण आमच्या दिवाणजींना हे ऐकवलं तर त्यांनी "मला कुठं करायचंय ऑपरेशन" म्हणून विषय मिटवला. आत ठेवलेलं जठर पुढं साध्या दुर्बिणीनं बघता येत नाही. वर्षांनंतरही पोटात अचानक जोराची कळ आली तर आतडं आत अडकलेलं असू शकतं, म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलं की आधी 'माझा बायपास झालाय' हे सांगायचं. आणि डम्पिंग : गोड पदार्थ एकदम आतड्यात गेला की धडधड, घाम, चक्कर, जुलाब. गुळाच्या अडत्याला हे सांगताना डॉक्टरही हसले आणि मीही हसलो, पण घरी येऊन विचार केला तर हसण्यासारखं फार नव्हतं.

विम्याचा अध्याय थोडक्यात. वजनाच्या ऑपरेशनसाठी पॉलिसीत ठरलेली अट असते : बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४० किंवा वर, अथवा ३५ किंवा वर असून सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबणं) किंवा आटोक्यात नसलेला टाइप-२ डायबेटिस, आणि साधे उपाय करून झालेले. माझा बीएमआय ३९.४. टीपीए (विमा कंपनीच्या वतीनं दावे बघणारी संस्था) डेस्कवरच्या पोरानं कॅल्क्युलेटर फिरवून अगदी मनापासून सांगितलं, "काका, दीड-दोन किलो कमी पडालंय बघा." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला वजन कमी आहे असं म्हणालं. आणि इकडं जगभरच्या सर्जनांच्या दोन मोठ्या संघटनांनी २०२२ मध्येच ही रेषा खाली आणली : ३५ किंवा वर असलेल्या कुणालाही ऑपरेशन सुचवायचं, आणि आशियाई लोकांत २७.५ पासूनच. विम्याचे कागद अजून जुन्याच रेषेवर आहेत. सर्जननी सल्ला दिला, फाईल हर्निया आणि अन्ननलिकेच्या जखमांच्या नावानं करू, कारण खरं कारण तेच आहे. मला ते पटलं, आणि एव्हाना ती नुसती कागदाची पळवाटही राहिली नव्हती.

कारण दरम्यान फिजिशियननी तिसरी वाट काढली. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड हे भूक आणि वजन कमी करणारं औषध भारतात मौंजारो या नावानं आलं, जूनमध्ये सेमाग्लुटाइडचं वेगोवी. आठवड्याला एक इंजेक्शन, पोटाच्या कातडीत. सुरुवातीच्या किमतीप्रमाणं मौंजारोची २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपये आणि ५ ची ४,३७५, महिन्याला चार. ऑपरेशनचा खर्च एकदाच समोर येतो म्हणून मोठा वाटतो. हा दर महिन्याला येतो आणि थांबवलं की वजन परत यायला लागतं. त्यात या औषधानं जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणजे ॲसिडवाल्याला सुरुवातीला त्रास वाढण्याची भीती. मौंजारो सुरू केल्यावर पहिले काही आठवडे मळमळलं, रात्रीचं जेवण साडेसातला आणावं लागलं. यार्डातल्या माणसानं साडेसातला जेवायचं म्हणजे घरच्यांनी भूक नसताना ताटं मांडायची. पण बायकोनं मांडली.

सोबत पॅन्टोप्राझोल ही ॲसिड कमी करणारी गोळी दिवसातून दोनदा. आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण. ग्रेड सी ची ए झाली, आणि बायोप्सीत पेशी बदललेल्या निघाल्या नाहीत. सर्जनना त्या बदलाचीच जास्त धास्ती होती, कारण वर्षानुवर्षं ॲसिड लागून अन्ननलिकेचं अस्तर पालटलं की पुढं कॅन्सरचा धोका वाढतो. वजन दिवाळीपर्यंत १०६ वर आलं. टीपीएच्या हिशेबानं मी आता आणखीच कमी पडतोय.

पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यानंतर एक दिवस मी आणि बायको दोघं सर्जनकडं गेलो. ती सहसा आत येत नाही, त्या दिवशी आली आणि तिनंच विचारलं, "डॉक्टर, वजन इंजेक्शननं उतरायलंय, जळजळ गोळीनं थांबलीय. मग ह्यांचं पोट परत फाडायचं कशासाठी?" त्यांनी प्रश्न टाळला नाही. म्हणाले, वजनासाठी असेल तर आज करू नका. पण हर्निया गोळीनं बसत नाही, आणि दोन वेळची गोळी जन्मभर घेऊन अन्ननलिका शाबूत राहते का हे बघावं लागेल. मी केलं तर त्यासाठी करीन.

ठरलं ते असं. बी-१२ आणि लोह वर आणायचं, ते चालू आहे. जानेवारीपासून पॅन्टोप्राझोल दोनाची एक करायची. इंजेक्शन ५ मिलिग्रॅमवरच ठेवायचं, आणि कधीही भूल घ्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना हे इंजेक्शन घेतो हे आधी सांगायचं, कारण उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक असू शकतं. मार्चमध्ये पुन्हा दुर्बीण. एका गोळीवर जखमा परत आल्या तर सीझन आटोपल्यावर रू-एन-वाय आणि हर्नियाची दुरुस्ती. नाही आल्या तर इंजेक्शन चालू आणि ठरल्या वेळी दुर्बीण, बस.

हॉस्पिटलनं खर्चाचं अंदाजपत्रक दिलंय, ते फाईलला लावून ठेवलंय. त्याची मुदत तीन महिन्यांची आहे, म्हणजे मार्चमध्ये ते पुन्हा करून घ्यावं लागणार आणि रक्कम वाढलेली असणार, हे सांगायला मला डॉक्टर लागत नाही.